पाच मिनिटांवरची नामांकित शाळा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या घरखरेदीविषयक पुरवणीत गेल्या काही आठवड्यांत बडोद्याच्या पश्चिमेकडील, म्हणजे गोत्री, वासणा आणि भायली या भागांतील गृहप्रकल्पांच्या ज्या जाहिराती आल्या, त्यांपैकी बहुतेकींत ‘नामांकित शाळा अवघ्या पाच मिनिटांवर’ हे वाक्य ठळक अक्षरांत होते. सोबतच्या लेखातही तरुण दांपत्यांना आधी शाळा पाहावी आणि मग घर, असा सल्ला दिला होता. सल्ला चुकीचा नाही. परंतु शाळा पाहायची म्हणजे नेमके काय पाहायचे, याचा त्या लेखात उल्लेखही नव्हता, आणि तेवढे सांगितल्याशिवाय असा सल्ला बिल्डरच्या पथ्यावर पडतो, खरेदीदाराच्या नव्हे, म्हणून हे पत्र.

घराच्या किमतीत शाळेची किंमत धरण्याची ही रीत आपल्याकडे बरीचशी अमेरिकेतील नातलगांच्या बोलण्यातून आली आहे. न्यू जर्सीला कोणीच नाही असे मराठी घर बडोद्यात शोधावेच लागेल. माझी मुलगीही तिथेच असते. तिकडे या रीतीला व्यवहाराचा भक्कम आधार आहे. तेथील सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाच्या स्थानिक व्यवस्थेकडे असतात, घराचा पत्ता ज्या डिस्ट्रिक्टमध्ये पडतो तिथल्या शाळेत मुलाला विनाशुल्क प्रवेश मिळतो आणि त्या शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा त्याच भागातील घरांवरच्या मालमत्ता करातून उभा राहतो. थोडक्यात, तिथे घर घेणारा शाळाही विकतच घेत असतो. याची दुसरी बाजू तिथल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. १९५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या खऱ्या. पण १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असे ठरवले की, शेजारच्या डिस्ट्रिक्टनेही भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याखेरीज मुलांची सरमिसळ करण्यासाठी त्याला भाग पाडता येणार नाही. ज्यांची ऐपत होती त्यांना उपनगरात घर घेऊन वेगळे राहण्याची वाट त्यामुळे मोकळी राहिली.

म्हणून तिथला विचारी पालक संकेतस्थळावर शाळेला दिलेल्या दहापैकी गुणांवर थांबत नाही, कारण असे गुण पुष्कळदा शाळेच्या शिकवण्यापेक्षा पालकांच्या मिळकतीचेच माप देतात. राज्य सरकारच्या वार्षिक अहवालात गरीब घरांतील, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या आणि अपंग मुलांचे निकाल वेगळे दिलेले असतात, ते तो पाहतो. वर्षभरात मूल होते तिथून किती पुढे सरकले, हेही पाहतो. मुलीच्या ओळखीतील काही भारतीय कुटुंबांनी मात्र सर्वाधिक गुणांच्या मागे जाऊन अशी गावे निवडली की वर्गातील बहुतेक मुले आपल्यासारखीच. शाळा उत्तम, पण अमेरिका पाहायची ती सुटीत फिरायला गेल्यावर.

आपल्याकडे व्यवस्था मुळातच निराळी आहे. बडोद्यात खाजगी शाळेच्या फाटकासमोर सदनिका घेतली म्हणून त्या शाळेत प्रवेशाचा कोणताही हक्क मिळत नाही. शाळेने जवळच्यांना प्राधान्य दिलेच, तर ते तिच्या मर्जीने. खाजगी शाळेत राहत्या जागेच्या आधारे कायद्याने प्रवेश मागता येतो तो वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १२(१)(सी) नुसार विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील अशा मुलांना द्यायच्या असतात आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली आहे. जागांपेक्षा अर्ज अधिक होतात आणि सगळ्यांची निवड होत नाही, हे खरे; तरीही लाखोंची सदनिका घेणाऱ्याला जो हक्क नाही तो त्याच्या इमारतीच्या रखवालदाराच्या मुलाला आहे, ही गोष्ट कोणत्याही विक्री कार्यालयात सांगितली जात नाही. मला त्यात अन्याय वाटत नाही. एका बाकावर चार प्रकारच्या घरांतली मुले बसण्याची तीच आज सर्वांत खात्रीची वाट आहे.

अशाच एका विक्री कार्यालयात भाच्याबरोबर जाण्याचा योग आला. भिंतीवरच्या नकाशात इमारत आणि शाळा यांच्यामध्ये एक सरळ तुटक रेघ मारून वर ‘५ मिनिटे’ असे लिहिले होते. वाटेतला कालवा आणि त्याला घालावा लागणारा वळसा त्या रेघेखाली झाकला गेला होता. विक्री पाहणारा तरुण सारखा म्हणत होता, ‘काका, अ‍ॅडमिशनचं टेन्शनच घेऊ नका.’ शाळा या प्रकल्पातील मुलांना प्राधान्य देणार असल्याचे तुम्ही लेखी द्याल का, असे विचारल्यावर तो चहा सांगायला जो गेला, तो चहा आला तरी परत आला नाही. चहा चांगला होता.

येथे वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. स्थावर संपदा कायदा, २०१६, म्हणजेच रेरा, याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास त्याला भरपाई मागता येते, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास रक्कम व्याजासह परत मागता येते. तेव्हा ते माहितीपत्रक रद्दीत न टाकता खरेदीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावे. अंतर स्वतः सकाळी शाळेच्या वेळी मोजावे, आणि एकदा तरी पावसाळ्यात मोजावे. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी भरले की शहराच्या अलीकडून पलीकडे जाणे म्हणजे काय, हे बडोदेकरांना सांगायला नको.

घर आणि शिक्षण यांचा संबंध या शहराला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यात लागू केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले, हे तितक्या उत्साहाने सांगितले जात नाही. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले; १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी येथे आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि तेथूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी काढलेल्या त्या वेळेची आठवण म्हणून आज तेथे संकल्पभूमी आहे. ज्या शहराने एका माणसाला जगातल्या उत्तम विद्यापीठात पाठवले, त्याच शहराने त्याला एक खोली दिली नाही. शाळेत समता आणि वस्तीत भिंती असा हा जुना हिशेब आहे.

आजच्या भिंती निराळ्या आहेत. बडोद्याच्या अनेक भागांना १९९१ चा ‘अशांत धारा’ हा कायदा लागू आहे, आणि त्या भागांत घराची खरेदी-विक्री करण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दंगलीच्या भीतीने घरे कवडीमोलाने विकली जाऊ नयेत हा त्या कायद्याचा हेतू होता. माझ्या मते प्रत्यक्षात त्यामुळे वेगवेगळ्या धर्मांची कुटुंबे एका गल्लीत येणे अधिक अवघड झाले आहे. नव्या वस्त्यांत कायदा नसला तरी सोसायटीचा अलिखित नियम असतो. मांसाहार करता का, हा प्रश्न मराठी खरेदीदारालाही येथे विचारला जातो, आणि आपल्यापैकी ज्यांना तो अपमानास्पद वाटतो तेच पुढे ‘आपल्यातल्याच लोकांची’ सोसायटी शोधत फिरतात, हेही मी पाहिले आहे. अशा वस्तीजवळच्या, तिथल्याच मुलांवर चालणाऱ्या शाळेत विविधता कोठून येणार? दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या जुन्या शाळांत मराठी, गुजराती, सिंधी आणि बोहरी मुले एकाच बाईंचा मार खात होती. मार गेला हे चांगलेच झाले, पण एकत्र बसणेही त्याबरोबर जायला नको होते.

तेव्हा घरासाठी शाळा पाहणाऱ्यांनी काय पाहावे? माझ्या मते पहिले पाऊल म्हणजे शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहणे. न्यायला कोण येते, किती मुले गाड्यांतून, किती रिक्षातून आणि किती आईचे बोट धरून चालत जातात, पालक आपसांत कोणकोणत्या भाषा बोलतात, हे कुणालाही न विचारता कळते. त्यानंतर कार्यालयात जाऊन २५ टक्क्यांच्या जागांवर किती मुले आहेत आणि ती इतरांबरोबरच एका वर्गात बसतात का, हे विचारावे. त्यांची वेगळी तुकडी किंवा वेगळी वेळ ठेवण्यास कायद्याच्या नियमांतच मनाई आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २०१४ च्या निकालानुसार हे कलम लागू नाही, मात्र तशा काही जुन्या शाळांत अनेक धर्मांची मुले वर्षानुवर्षे शिकत आहेत, त्यामुळे नुसत्या पाटीवरून निष्कर्ष काढू नये. केंद्रीय विद्यालयांची गोष्टच वेगळी. तेथे प्रवेशात बदलीच्या सरकारी नोकरीला प्राधान्य असते, म्हणून वर्गात सारा देश भेटतो, पण जवळ घर घेऊन तेथे प्रवेश मिळत नाही.

गुणवत्तेबद्दल शाळा काय सांगते त्यापेक्षा आकडे काय सांगतात ते पाहावे. दहावीच्या निकालानंतर चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांवर अव्वल मुलांचे फोटो असतात. आठवीपर्यंत असलेली आणि दहावीला नसलेली मुले त्या फलकावर नसतात. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, आणि त्यावरून सरकारी संकेतस्थळावर इयत्तावार पटसंख्या, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या आणि शौचालये यांची माहिती कोणालाही पाहता येते. आठवीची पटसंख्या आणि दोन वर्षांनंतरची दहावीची पटसंख्या शेजारी ठेवून पाहावी. मधे मोठी गळती दिसली, तर मुले कुठे गेली हे मुख्याध्यापकांना सरळ विचारावे. कच्ची मुले वाटेत गाळून लावलेला शंभर टक्के निकाल हा शिकवण्याचा पुरावा नव्हे. शुल्काबाबत तर गुजरातमध्ये २०१७ पासून कायदाच आहे: प्राथमिकसाठी वार्षिक १५,००० आणि माध्यमिकसाठी २५,००० रुपयांपेक्षा अधिक शुल्क घेऊ इच्छिणाऱ्या खाजगी शाळेला शुल्क नियमन समितीची मंजुरी लागते, आणि अशी एक समिती बडोदा विभागासाठी आहे. मंजूर रक्कम आणि मागितलेली रक्कम यांत फरक आढळला, तर त्या शाळेसाठी घराचे हप्ते वाढवून घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या, शाळांकडे, त्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांकडेही, आपला मध्यमवर्ग आता वळूनही पाहत नाही. तेथे मूल घालाच, असे मी म्हणणार नाही, कारण आमच्याच घरात ते कोणी ऐकणार नाही. परंतु निदान एकदा आत जाऊन पाहायला हरकत नसावी.

आपल्याकडे माझी मागणी मर्यादित आहे. घरखरेदीच्या पुरवणीतील लेखांत, आणि शक्य असल्यास जाहिरातींतही, जेथे शाळेचे नाव येईल तेथे रस्त्याने होणारे प्रत्यक्ष अंतर, शाळेचे परीक्षा मंडळ, यू-डायस क्रमांक, मंजूर शुल्क आणि २५ टक्क्यांची तरतूद लागू आहे की नाही, एवढ्या पाच गोष्टी द्याव्यात. शाळेच्या नावावर भाव चढवणारा बिल्डर प्रवेशाबद्दल काहीच लेखी देणार नसेल, तर तेही त्याच ओळीत छापावे. जाहिरातदार नाराज होतील याची मला कल्पना आहे, पण पुरवणी विकत घेणारा वाचकही आपला ग्राहकच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक
कारेलीबाग, बडोदा