गेमिंग लॅपटॉप अन् वऱ्हाडातला मे महिना

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात टायरमध्ये हवा किती ठेवायची, फ्रिज भिंतीपासून किती लांब ठेवायचा असं सगळं येतं, चांगलंच आहे ते, पण आता घरोघरी पोरांकडे गेमिंग लॅपटॉप आलेत त्याबद्दल कुठंच काही छापून येत नाही म्हणून हे पत्र. माझं अकोल्यात लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, अन् एप्रिल-मेमध्ये तक्रार एकच, गेम लावला की लॅपटॉप तापतो आणि थोड्या वेळात अडकत अडकत चालायला लागतो.

आधी हे सांगतो की गेम खेळताना प्रोसेसरचं (आतल्या मुख्य चिपचं) तापमान ९० डिग्री दिसलं म्हणजे लॅपटॉप जळाला असं नाही. बऱ्याच प्रोसेसरची हद्द १०० च्या आसपास असते, तिथं पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, गेम अडकतो तो त्यामुळं. इंटेलचा आय७-१२७००एच प्रोसेसर घ्या, नेहमीचे ४५ वॅट पण टर्बोत, म्हणजे जोर लागला की स्वतःच स्पीड वाढवतो तेव्हा, ११५ वॅटपर्यंत जातो, वर ग्राफिक्स कार्डाची उष्णता वेगळी, अन् हे सगळं त्या चपट्या डब्यातून पंख्यानं बाहेर फेकायचं ते खोलीतल्याच हवेत. खोली जितकी डिग्री चढली जवळपास तितकाच आतला चिपही चढतो. म्हणजे जानेवारीत ८० वर चालणारा तोच गेम मे महिन्यात ९५ ला टेकतो, बिघाड काहीच नसतो. बऱ्याच कंपन्या वापरायचं तापमान ३५ डिग्रीपर्यंत लिहितात, आपल्याकडे बाहेर ४४-४५ असतं अन् वरच्या मजल्यावर स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. जाहिरातीत कूलिंगचं एवढं कौतुक आणि हा ३५ चा आकडा मात्र बारीक इंग्रजी अक्षरात, माझं म्हणणं एवढंच की विकताना दुकानदारानं तो तोंडानं सांगावा.

त्यात आपल्याकडे पोरं लॅपटॉप सरळ डेझर्ट कूलरसमोर ठेवतात. गार हवा मिळते हे खरं, पण कूलरच्या अगदी तोंडाशी पाण्याचे बारीक तुषार येतात अन् आपलं बोअरचं पाणी किती जड ते कूलरच्या जाळीवरची पांढरी खपली बघून कळतं, तीच खपली मी बोर्डावर पाहिलीये. कूलर खोलीत लावा, खिडकी उघडी ठेवा, पण लॅपटॉप झोताच्या बाहेर. गादीवर तर नकोच, हवा खालून ओढली जाते ती जागाच बंद होते. मागच्या बाजूला दोन वह्या टेकवून उचलला तरी फरक पडतो, महागडा कूलिंग पॅड नंतर बघा.

धुळीचं म्हणाल तर वरून ब्रश मारून काही होत नाही. पंखा अन् तांब्याच्या पात्या यांच्या मधोमध धूळ आणि तंतूंचा थर बसतो, अगदी नमद्यासारखा, पंखा काढल्याशिवाय तो दिसतच नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरायचा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जातं. जुना लॅपटॉप असेल तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्टपण नवीन मारून घ्या. वॉरंटीत असेल तर स्वतः उघडण्याआधी कंपनीला विचारा, आणि कोणी न उघडताच "मदरबोर्ड गेला" म्हणालं तर तिथून लॅपटॉप उचला अन् दुसरीकडे दाखवा.

फुकटचा इलाज म्हणजे एफपीएसला, म्हणजे गेम सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) काढतो त्याला, लगाम. स्क्रीन १४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारी, अन् नुसता मेनू उघडा ठेवला तरी काही गेम दोनशे-तीनशे फ्रेम काढत बसतात, कशाला? गेमच्या सेटिंगमध्ये ६० वर लॉक करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं की टर्बो सहसा बंद होतो, पंख्याचा आवाज लगेच खाली येतो (काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही). पोरं म्हणतात परफॉर्मन्स गेला, पण बहुतेक गेमला ग्राफिक्स कार्ड जास्त लागतं, तेवढं जाणवत नाही.

आणि पालकांनो, एक गोष्ट मात्र पोरांवर सोडू नका. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. लगेच बंद करा, चार्जिंग काढा, दाबून बसवायच्या भानगडीत पडू नका, तसाच दुरुस्तीला आणा.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्तीवाला, अकोला