अणुत्रिज्येच्या तक्त्यावर मापाचा प्रकार छापा

महोदय,

शाळा-कॉलेजे सुरू झाली की नाशिकच्या मेन रोड, शालिमार भागातल्या दुकानांत आवर्तसारणीचे रंगीत तक्ते टांगलेले दिसतात. अणूंचे आकार गोलांनी दाखवणारा तक्ता घेताना दुसरे आवर्त, म्हणजे दुसरी आडवी ओळ, नीट पाहावे. लिथिअमपासून फ्लुओरीनपर्यंत गोल लहान होत जातात आणि शेवटचा निऑन मात्र बऱ्याच तक्त्यांत फ्लुओरीनच्या दुपटीहून मोठा असतो. मुले तसेच पाठ करतात.

निऑन फुगलेला नसतो, मोजायची पट्टी बदललेली असते. बंध करणाऱ्या अणूंची त्रिज्या बंधाच्या लांबीवरून काढतात. क्लोरीनच्या रेणूत दोन केंद्रकांमधले अंतर 198 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख-कोटीवा भाग), म्हणून त्रिज्या त्याच्या निम्मी, 99. निऑन, अरगॉन बंधच करत नाहीत. त्यामुळे नुसत्या टेकलेल्या अणूंमधले निम्मे अंतर धरतात: निऑन 154, अरगॉन 188. हीच पट्टी क्लोरीनला लावली तर तोही 175 भरतो. तिसऱ्या आवर्तात सगळीकडे गणिताने काढलेल्या त्रिज्या घेतल्या तर सोडिअम 190, मग 145, 118, 111, 98, 88, क्लोरीन 79, अरगॉन 71. कुठेही उडी नाही. तक्त्याच्या तळाशी त्रिज्या कोणत्या प्रकारची आहे, ही एक ओळ छापायला काहीच खर्च येत नाही.

दुसरी चूक उत्तरपत्रिकांत हमखास सापडते: ‘इलेक्ट्रॉन वाढले म्हणून अणू मोठा.’ आवर्तात कवच तेच राहते, केंद्रकावरचा धनप्रभार वाढतो आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना फारसे झाकत नाहीत. हे झाकणे किती ते मोजणाऱ्या, स्लेटर या शास्त्रज्ञाच्या 1930 च्या नियमाने बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा प्रभार लिथिअममध्ये 1.30, तर फ्लुओरीनमध्ये 5.20 येतो. म्हणून पुस्तकातली त्रिज्या 152 वरून 64. सोडिअम आणि पोटॅशिअम दोघांतही तो प्रभार 2.20 च, पण कवच एकाने वाढते. त्रिज्या 186 वरून 231 होते.

तक्त्यावर दाखवतात तो ‘खाली जाताना वाढते’ हा बाणही सगळीकडे चालत नाही. अ‍ॅल्युमिनिअम 143, त्याच्याखालचा गॅलिअम 135. मध्ये भरलेले दहा डी-इलेक्ट्रॉन (आतल्या कवचातल्या ‘डी’ उपकवचातले) केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत, म्हणून बाहेरचे कवच आत खेचले जाते. अकरावीला तरी हे शिकवायलाच हवे.

शिक्षकांनी बाण पाठ करून घेण्याऐवजी एक आलेख काढून घ्यावा. आडव्या अक्षावर अणुअंक 3 ते 19, दर अंकाला 1 सेंमी; उभ्या अक्षावर 1 सेंमी म्हणजे 20 पिकोमीटर. पोटॅशिअमचा बिंदू साडेअकरा सेंमीच्या किंचित वर येतो, कागद पुरतो. पुस्तकातल्या त्रिज्या घेतल्या तर निऑन आणि अरगॉनच्या जागा कोऱ्या ठेवून रेषा तिथे तोडावी. 154 चा बिंदू जोडला की चढ निऑनपासूनच सुरू होतो आणि नवे कवच सोडिअमला नव्हे, निऑनलाच उघडले असे मुलांना वाटते.

रसायनशास्त्राचे शिक्षक, गंगापूर रोड, नाशिक