औषध बदलण्याआधी जनुक तपासा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

मराठवाड्यात पॅथॉलॉजीचे काम करणारा डॉक्टर या नात्याने हे पत्र लिहीत आहे. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, आटोक्यात येऊन पुन्हा उलटला की रुग्णाचे औषध बदलले जाते. मात्र आधीचे औषध लागू पडेनासे का झाले, याचा शोध आपल्याकडे क्वचितच घेतला जातो.

लिम्फोमाच्या मॅन्टल सेल या प्रकारासाठी अमेरिकेत 2013 मध्ये मान्यता मिळालेले (तिथे या आजारासाठीची ती मान्यता 2023 मध्ये मागे घेतली गेली) आयब्रुटिनिब हे औषध बी पेशी या पांढऱ्या रक्तपेशीतील बीटीके या प्रथिनाच्या 481 व्या जागी असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचे चिकटते आणि पेशीला मिळणारा वाढीचा संदेश तोडते. काही रुग्णांत जनुकातील एका बदलामुळे तिथे सेरीन येते आणि औषधाची पकड टिकत नाही. अकालाब्रुटिनिब आणि झानुब्रुटिनिब ही नंतरची औषधेही त्याच सिस्टीनवर विसंबून आहेत. त्यामुळे हा बदल झालेल्या रुग्णाला एकातून काढून दुसऱ्यावर घातले, तर गोळीचे नाव बदलते, आजार हटत नाही, आणि पैसा शासकीय योजनेचा असो वा शेत गहाण टाकून आणलेला, तो वाया जातो.

एकाच जनुकाची तपासणी करून भागेल, असे मात्र मी म्हणणार नाही. मॅन्टल सेलच्या बऱ्याच रुग्णांत बीटीके जसेच्या तसे असते आणि पेशी कार्ड11, ट्राफ2 किंवा बर्क3 या जनुकांतील बदलांमुळे वेगळ्याच मार्गाने वाढत राहते. कर्करोगाला आळा घालणारे टीपी53 हे जनुक बिघडलेले असेल तर नेहमीच्या केमोथेरपीकडूनही फारशी आशा नसते. म्हणून अनेक जनुके एकत्र वाचणारी तपासणी हवी, आणि तीही ताज्या नमुन्यावर, कारण औषध सुरू असताना उद्भवलेला बदल निदानाच्या वेळच्या जुन्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणात जतन केलेल्या तुकड्यात, सापडण्याची शक्यता कमी. दोष दर वेळी जनुकाचाच असतो असेही नाही. क्षयरोगासाठी दिले जाणारे रिफाम्पिसिन रक्तातील आयब्रुटिनिबचे प्रमाण फार खाली आणते, आणि क्षयरोग आपल्या भागाला नवा नाही. पैशाअभावी गोळ्यांत पडलेला खंडही आधी विचारायला हवा. त्याला यंत्र लागत नाही, केस पेपरवर दोन ओळी पुरतात.

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. तिथे ही जनुकीय तपासणी नियमित व्हावी आणि लातूर, नांदेड व अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून नमुने तिथे पोहोचवण्याची व्यवस्था विभागाने करावी. रुग्ण जागेवर राहावा आणि नमुना प्रवास करावा. केवळ एका रिपोर्टसाठी किनवटच्या माणसाने मुंबई गाठावी, याला अर्थ नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही उलटलेल्या लिम्फोमाची फेरबायोप्सी (पुन्हा तुकडा काढून तपासणे) आणि जनुकीय तपासणी उपचाराचाच भाग म्हणून स्पष्टपणे धरली जावी. या तपासणीचा खर्च मोठा वाटेल, पण चुकीच्या औषधाच्या काही महिन्यांच्या खर्चाशी तो ताडून पाहावा, ही विनंती.

एक गोष्ट मात्र निधीची वाट न पाहता करता येईल. अस्थिमज्जेचा तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरले की त्यातील डीएनए खराब होतो आणि पुढे कितीही चांगले यंत्र आणले तरी तो नमुना वाचता येत नाही. त्याऐवजी ईडीटीए या सौम्य रसायनाचे द्रावण वापरावे, तसेच कोणताही नमुना तो टिकवण्यासाठीच्या फॉर्मॅलिन द्रावणात दिवसेंदिवस पडून राहू देऊ नये, असे परिपत्रक सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या पॅथॉलॉजी विभागांना आपण याच महिन्यात काढू शकता.

आपला विश्वासू,
एक पॅथॉलॉजिस्ट, लातूर