बाळंतिणीला पाहायला जाता, तर डबा घेऊन जा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका लहानशा गावात राहते, घरी पाच एकर कोरडवाहू वावर आहे, पेपरात लिहायची सवय नाही तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या.

मागच्या डिसेंबरात आमच्या गल्लीतली एक सून सिझरनं बाळंत झाली. सरकारी दवाखान्यात होती तोवर जेवण फुकट मिळालं, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरवालीला ७ दिवस देतात आणि नॉर्मलवालीला ३. आठव्या दिवशी घरी आली, नवव्या दिवशी आम्ही चार बाया पाहायला गेलो तर ही चुलीपुढे, एक हात टाक्यांवर धरून दुसऱ्या हातानं भाकर उलटवून राहिली अन् लेकरू बाजेवर रडून रडून लाल. सासू वारलेली, नवरा पहाटेच कापूस वेचायला गेलेला, मायची तब्येत बरी नाही म्हणून माहेरी जाता आलं नाही. आमच्या हातात झबलं-टोपडं, आणि तिनं उठून आमच्यासाठी चहा मांडला. मी पण पिला तो चहा. घरी आल्यावर लाज वाटली.

सव्वा महिना व्हायला तेव्हा जेमतेम महिना उरला होता. आमच्या बचत गटात अकरा जणी आहेत, म्हटलं रोज एकीनं डबा द्यायचा, एकेकीच्या वाट्याला जास्तीत जास्त तीनदा येते, आपल्या घरी भाकरी थापतोच त्यात चार जास्तीच्या थापायच्या, त्याला काय लागते? ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण वरून तूप, मेथी नाहीतर शेपूची भाजी, कधी अंड्याची पोळी. डिंकाचे लाडू मात्र वर्गणी करून एकदाच केले, कारण डिंक, खारीक, खोबरं, सगळंच महाग झालं आहे.

भांडणंही झाली बरं का. एक म्हातारी म्हणे वांगं नको, दुसरी म्हणे हिरवी भाजी दिली तर लेकराचं पोट दुखते, आणि बाळंतिणीला पाणी कमी पाजा हे तर सगळ्याच म्हाताऱ्या सांगतात. अंगणवाडीतल्या बाईंनी समजावलं की अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे एक अख्खं जेवण जास्तीचं, आणि पाणी तर भरपूर पाहिजे. तरी पण वांगं आम्ही नाहीच दिलं, कोण वाद घालत बसते.

आता सरकारचं. आमच्याकडे अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, पण तो शिजवायचा कोणी? पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५ हजार बँकेत येतात, चांगलंच आहे, पण त्या पैशानं भाकर थापल्या जात नाही. इकडे मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, त्यात गरोदर बाईला शेवटचे तीन महिने आणि बाळंतिणीला पहिले काही महिने दिवसातून एकदा शिजवलेलं गरम जेवण देतात. ती आदिवासी भागापुरती आहे. तिथं गरज मोठी आहे, त्यांचं कमी करून आम्हाला द्या असं मी अजिबात म्हणत नाही. पण मजुरीवर जाणाऱ्या घरातली बाळंतीण बिगर आदिवासी गावात असली म्हणून तिची चूल काय आपोआप पेटते? निदान पहिला सव्वा महिना तरी गावातल्या बचत गटाला धान्य-किराणा द्या, शिजवून आम्ही देतो. आमच्या ग्रामसभेत हे दोनदा मांडलं, दोन्ही वेळा विषय नालीवर गेला.

तोवर दुसऱ्या गावातल्या बायांनी करून पाहा. एक अडचण आधीच सांगून ठेवते. आपल्यात कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, त्यामुळे त्या सुनेचा नवरा रोज डब्यात काहीतरी टाकून पाठवे, एकदा तुरीच्या शेंगा, एकदा सांबार म्हणजे कोथिंबीर, एका दिवशी तर घरात काहीच नव्हतं म्हणून वाटीभर साखर. ती म्हणे, "काकू, रिकामा कसा देऊ, बरं नाही दिसत." शेवटी आम्ही सांगून टाकलं की डबा धुवायचा पण नाही अन् भरायचा पण नाही, तसाच ओट्यावर ठेवायचा, संध्याकाळी आमचं पोट्टं येऊन घेऊन जाईल.

आपली एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ