नऊ तास म्हणजे किती?

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "लंडन काय गो, नऊ तासांवर!" तो आकडा कुठून आला ते मी मग शोधलं. चूक नाही, पण तो दोऱ्याचा हिशेब आहे. माजघरातल्या कपाटावर माझा शाळेतला पृथ्वीगोल असेल, आस मोडलेला. गोव्यातल्या आपल्या मोपा विमानतळावर दोरा धरून लंडनच्या हीथ्रोपर्यंत ताणा. सुमारे ७,५६० किलोमीटर भरतात, ताशी ८५० ने भागले की झाले नऊ तास. पण तो दोरा इराण आणि काळ्या समुद्रावरून युक्रेनवर जातो, आणि फेब्रुवारी २०२२ पासून तिथलं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. वळसा पडतोच. शिवाय उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. मुंबईहून इथे येताना तो तोंडावर येतो, म्हणून साडेनऊ-दहा तास लागतात. घरी येताना पाठीवर असतो आणि नऊच्या आसपास भागतं. तेवढा एक वारा माझ्या बाजूचा.

आता माझा हिशेब. बाबांना अ‍ॅडमिट केलंत आणि मला तिसऱ्या दिवशी सांगितलंत. त्या रात्रीचं तिकीट मिळालं नाही, दुसऱ्या रात्रीचं मिळालं. घरून विमानतळ दीड तास. तिथे तीन तास आधी. विमानात नऊ. मुंबईला पासपोर्टची रांग, बॅग, पुढच्या विमानाची वाट, मिळून पाच. मोप्यापर्यंत सव्वा तास. बॅग आणि टॅक्सीत आणखी पावणेदोन. साडेएकवीस तास झाले, तिकिटाची वाट पाहण्यात गेलेला दिवस वेगळाच. (जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यापासून दाबोळी विमानतळाचा फेरा वाचतो, नाहीतर आणखी.)

मी अंगणात टॅक्सीतून उतरले तेव्हा बाबा घरी येऊन सोप्यावर पेज पीत होते, ताटलीत लोणच्याची फोड. आई म्हणाली, "उगीच धावत आलीस." मी तेव्हा काही बोलले नाही. पण आई, मला उगीच धावत यायचंय. सगळं आटोपल्यावर पोचण्यापेक्षा ते बरं.

बाबा, तुम्ही आयुष्यात कधी पणजी अमुक किलोमीटर असं सांगितलं नाहीत. "कदंबा बस लगेच मिळाली तर तासाभरात, नाहीतर देवाक खबर," हेच ऐकत आले. माझंही तसंच धरा. सगळं जुळलं तर एक दिवस, नाही जुळलं तर दोन. त्यामुळे छातीत जरा दुखलं तरी डॉक्टरकडे निघतानाच मला फोन हवा. "तिला कशाला त्रास, बरं वाटलं की सांगू" हे आता पुरे.

इथे रात्र असेल म्हणून थांबू नका. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा सकाळी साडेसहाला वाजतो ना, तेव्हा इथे दोन वाजलेले असतात. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं मागे गेली की एक. फोन उशाशी असतो आणि आवाज चालू असतो.

चवथीला येतेय. तिकीट काढलंय, मुंबईत सहा तास थांबायचं आहे, पण त्यात दोनशे पौंड वाचले. गणपतीच्या वरची फळा-पानांची माटोळी मी आल्यावरच बांधा, आणि बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस.

तुमची,
बाय