शेतकऱ्याच्या रोजनिशीतलं युद्ध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धांवरची आपली रविवारची लेखमाला मी नेमाने वाचते. सेनापती आले, डावपेच आले, नकाशे आले. पण घरची कामं टाकून ज्याला बंदूक उचलावी लागली, तो साधा माणूस अजून आलेला नाही. अशा एकाबद्दल लिहिते.

मी निवृत्त इतिहास शिक्षिका. सध्या लेकीकडे अमेरिकेत, कॅन्ससमध्ये राहते आहे. इथून तासाभरावर टोपेका. त्याच्याजवळच्या इंडियानोला नावाच्या वस्तीत सॅम्युअल रीडर १८५५ साली आला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. कॅन्सस त्या वेळी राज्यही नव्हतं. गुलामगिरी ठेवायची की नाही, हे इथे येऊन राहणाऱ्यांनीच मतांनी ठरवावं, असा कायदा १८५४ मध्ये झाला होता. मग काय, दोन्ही बाजूंचे लोक धावत आले आणि मतपेटीच्या आधी बंदुका निघाल्या. रीडर गुलामगिरीच्या विरोधातला. सप्टेंबर १८५६ मधल्या हिकरी पॉइंटच्या चकमकीत तो होता.

हा गडी तेराव्या वर्षापासून रोजनिशी लिहीत होता आणि पुढे चौसष्ट वर्षं त्याने ती सोडली नाही.

पुढे गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं. ऑक्टोबर १८६४ मध्ये गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती स्टर्लिंग प्राइस मिसूरीतून फौज घेऊन कॅन्ससच्या सीमेवर आला, तेव्हा इथे लष्करी कायदा पुकारून शेतकरी-दुकानदारांची पलटण उभी केली गेली. तिच्या दुसऱ्या रेजिमेंटमध्ये रीडर होता. २२ ऑक्टोबरला बिग ब्लू नदीजवळ टोपेकाच्या या माणसांची मुरलेल्या घोडदळाशी गाठ पडली. त्यांच्याजवळ तोफ होती एकच. बरेच मारले गेले, बरेच पकडले गेले. मेलेल्यांचं स्मारक टोपेकाच्या दफनभूमीत आहे. रीडरही कैद झाला. दुसऱ्याच दिवशी वेस्टपोर्टला प्राइसचा पराभव झाला आणि त्याची फौज कैद्यांना हाकत दक्षिणेकडे निघाली. त्या माघारीतून रीडर निसटला आणि घरी पोचला.

पुढे म्हातारपणी त्याने याच रोजनिशीच्या आधाराने आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात स्वतःच्या हाताने रंगीत चित्रं काढली. एका चित्रात तो स्वतः पकडला जातो आहे. इतिहास शिकवणाऱ्याला ही जोडी म्हणजे पर्वणीच! आत्मचरित्र लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. कोण जिंकलं, आपण वाचलो, हे माहीत असल्याने त्याचं वाक्यही निवांत होतं. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचा पत्ता नसतो. एकाच माणसाची दोन्ही लिखाणं शेजारी ठेवून वाचायला मिळणं फार दुर्मिळ. वर्गात मला असं एक जरी उदाहरण मराठीत हाताशी असतं, तर ‘साधन म्हणजे काय’ हा धडा मुलांनी कधी विसरला नसता.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्यांच्या नावावरून कॅन्सस हे नाव पडलं, त्या कॉ लोकांना १८७३ मध्ये इथून उठवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. दुसऱ्याच्या गुलामगिरीविरुद्ध जिवावर उदार होणारे हे वसाहतवाले मूळच्या लोकांच्या जमिनीवर नांगर चालवत होते. रीडर मला आवडतो, तरी हे झाकून त्याचं कौतुक मी करणार नाही.

त्याचं आत्मचरित्र आज राज्याच्या इतिहास संस्थेने सांभाळलं आहे. हा कुणी मंत्री नव्हता की सेनापती नव्हता, साधा शेतकरी. तरी त्याची पानं कुणी रद्दीत घातली नाहीत.

आमच्या सातारा जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या माणसं पलटणीत गेली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेली, दुसऱ्यात इटलीत. त्यांच्या वह्या, पत्रं, पगाराची पुस्तकं ट्रंकांमध्ये पडून आहेत आणि घरं पाडून नवी बांधताना ट्रंकेसकट भंगारात जात आहेत. माझे सासरे इटलीत लढले. त्यांच्या वहीत लढाईबद्दल जेमतेम चार ओळी आहेत. बाकी कुणाकडून किती उसने घेतले, घरचं पत्र कधी आलं, बूट कधी बदलून मिळाले, याच नोंदी. पेन्सिलीचं लिखाण आता फिकं पडत चाललं आहे.

आपल्या पुरवणीत दर रविवारी अशा एका वहीचं एक पान, छायाचित्र आणि मजकूर दोन्ही, छापता येईल का? मूळ वही घरच्यांकडेच राहू द्यावी आणि प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्यावी, म्हणजे कुणी कचरणार नाही. पहिलं पान माझ्या सासऱ्यांच्या वहीचं घ्या. मुलाने त्याचे फोटो काढून ठेवले आहेत. आपण पत्ता कळवलात की तो साताऱ्याहून पाठवील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा
(सध्या मुक्काम ओव्हरलँड पार्क, कॅन्सस)