रेसच्या सदरात हिशोबही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्याचा रेस सीझन सुरू झाला की आपल्या अंकात शर्यतींचं सदर येतं. प्रत्येक शर्यतीची निवड, दिवसाचा बेस्ट, नंतर निकाल आणि टोटचे डिव्हिडंड, म्हणजे कोर्सवरच्या सामायिक बेटिंगमध्ये जिंकलेल्या तिकिटाला किती पैसे मिळाले ते. मी ते अग्रलेखाच्या आधी वाचतो; राग मानू नये. माझी मागणी या सदरापुरतीच आहे. सीझन संपला की एक चौकट छापा: आपल्या प्रत्येक पहिल्या निवडीवर 'विन'मध्ये, म्हणजे घोडा पहिला येईल यावर, सरसकट शंभर रुपये लावले असते, तर एकूण किती गेले आणि किती परत आले.

मी पतसंस्थेत हिशोबनीस होतो, त्यामुळे ही खोड जुनी. सीझनचे पैसे एका पाकिटात वेगळे काढतो. एका शर्यतीला त्यातले दोन टक्के, आधीची जिंकलेली असो वा हरलेली. वहीत घोडा, भाव (जिंकल्यास किती पट मिळणार), लावले, आले. कोर्सवर अशी वही फारशी दिसत नाही. जॅकपॉट (ओळीने अनेक शर्यतींचे विजेते ओळखण्याचं मोठं बक्षीस) लागलेला दिवस लोकांना तारखेसकट पाठ असतो, बाकीचा सीझन कुणी विचारू नये. शेवटच्या शर्यतीला खिडकीपाशी उभं राहून बघा. दिवसभर शंभर-दोनशे लावणारा माणूस तिथे 'वसुली' म्हणून दोन हजार काढतो. घोडा तोच, माहिती तीच; वाढलेला असतो फक्त तोटा.

आता तर मोबाइलवर पैसे कसे लावायचे ते शिकवणारे गुरू झालेत. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा आला, तरी यांचे ग्रुप चालूच आहेत. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने मला असाच एक 'प्लॅन' दाखवला: हरलात की दुप्पट लावा. शंभरापासून सुरुवात करून ओळीने सात वेळा हरलात तर १२,७०० रुपये गेले, आठव्याला १२,८०० हवेत, आणि हे सगळं शंभर रुपये नफ्यासाठी. फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे लागलेत तो घोडासुद्धा निम्म्याहून जास्त वेळा हरतो, तेव्हा ओळीने सात हरणं ही काही अघटित गोष्ट नव्हे. दुसरे गुरू जॉन केली या शास्त्रज्ञाचं १९५६ मधलं, पाकिटातला किती भाग लावावा याचं सूत्र सांगतात. सूत्र खरं आहे. पण तुमचा अंदाज भावापेक्षा सरस नसेल तर त्याचं उत्तर येतं शून्य, म्हणजे लावूच नका. हा भाग ग्रुपवर येत नाही. रक्कम बेताने लावली की पाकीट जास्त दिवस पुरतं, घोडा काही जास्त पळत नाही.

त्यात कर. सप्टेंबर २०२५ पासून रेसवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. शंभरावर चाळीस धरले, तर इव्हन भावाच्या (लावले तेवढाच नफा देणाऱ्या) घोड्यावर १४० मोजून जिंकल्यावर २०० हातात येतात. दहांतून सात वेळा बरोबर आलात तेव्हा कुठे बरोबरी. शिवाय दहा हजारांवरच्या जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के आधीच कापले जातात, आणि हरलेली तिकिटं प्राप्तिकरात वजा करता येत नाहीत. माझ्या वहीत कराचा रकाना वेगळा आहे; तो बघून रेसला येणाऱ्या दोघा मित्रांनी आपापली पाकिटं निम्मी केली.

म्हणून चौकटीत दोन आकडे द्यावेत, कर धरून आणि कर सोडून. दिवसाच्या बेस्टचा हिशोब वेगळा द्यावा, कारण बहुतेक लोक मोठी रक्कम त्यावरच लावतात. घोडा ऐनवेळी पळाला नसेल ती शर्यत वगळावी. सीझन वाईट गेला म्हणून चौकट गाळू नये. निवडी आणि डिव्हिडंड दोन्ही आपल्याच अंकात छापलेले असतात, काम उरतं ते बेरजेचं. आपल्याकडे माणूस नसेल तर मी करून पाठवतो, गेल्या सीझनची कात्रणं माझ्याकडे आहेत.

आपला,
एक नियमित वाचक, वानवडी, पुणे